मे महिन्याचा भरवसा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, त्यांना अवघड विषय चालायचा, पण गुळगुळीत बोलणं खपायचं नाही, असं इथल्या जुन्या मंडळींनी मला बजावून ठेवलं आहे. तेव्हा आज मी एक ओला विषय शक्य तितका कोरडेपणाने मांडणार आहे. विषय आहे उन्हाळ्यातल्या पावसाचा.

मे २०२५ आठवा. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात वारं सुटलं, वीज गेली, पाऊस झाला. आपण म्हटलं, अवकाळी आहे, जाईल. तो गेलाच नाही. २४ मे रोजी मान्सून केरळात आला, म्हणजे १ जूनच्या नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी. आणि २६ मे रोजी मुंबईत! मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीच्या ७५ वर्षांत इतक्या लवकर तो इथे आला नव्हता, असं हवामान खात्याने सांगितलं. पंचांगात रोहिणी नक्षत्र लागून जेमतेम एक दिवस झाला होता, मृग अजून पुढच्या पानावर होता. त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौकाचं भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेलं. ते सुरू होऊन पंधरा-सोळा दिवसच झाले होते. तिकडे बारामती तालुक्यात निरा डावा कालवा फुटला. ज्या पट्ट्यात मे महिन्यात पाण्याच्या टँकरची वाट बघतात, त्या पट्ट्यात माणसं पाण्यातून बाहेर काढावी लागली.

आकडे थोडेच सांगतो. कुलाब्याला मे महिन्यात साधारण दहा-बारा मिलिमीटर पाऊस व्हायचा. २०२५ मध्ये २६ मेपर्यंतच तो २९५ मिलिमीटर झाला होता. देशाची सरासरी मे महिन्यात ६१ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या वर्षी ती १२६.७ होती. १९०१ पासून नोंदी आहेत, आणि त्यातला हा सर्वांत ओला मे.

मग प्रत्येक चहाच्या टपरीवर, प्रत्येक सोसायटीच्या गेटवर एकच प्रश्न होता. हे ग्लोबल वॉर्मिंगमुळे का? त्याला दोन उत्तरं मिळत होती. एक : अहो, सगळं त्याच्यामुळेच. दुसरं : छे हो, पाऊस काय पूर्वी पडत नव्हता? मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पहिलं दिलं की आपल्याला काही करावं लागत नाही. दुसरं दिलं की काही मानावं लागत नाही.

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण त्यात तथ्य आहे. पूर्वी असा पाऊस पडत होता का? होता. कुलाब्याचा मे महिन्याचा जो जुना उच्चांक २०२५ मध्ये मोडला, तो होता २७९.४ मिलिमीटर, आणि साल होतं १९१८. त्या वर्षी केरळात मान्सून कधी आला, ठाऊक आहे? ११ मे रोजी. तारखांच्या नोंदी सुरू झाल्यापासून इतक्या लवकर तो पुन्हा कधीही आलेला नाही. तेव्हा ना आपल्याकडे एवढ्या मोटारी होत्या, ना वीजनिर्मितीची एवढी धुराडी.

पण गोष्ट इथे संपत नाही. ११ मे रोजी आलेल्या त्या मान्सूनने पुढे काय केलं? दगा दिला. १९१८ हे हिंदुस्थानच्या मोठ्या दुष्काळांपैकी एक साल. देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे चौथ्या हिश्शाने कमी पडला, आणि त्यावर इन्फ्लुएन्झाची साथ. लवकर आलेला पाऊस बघून ज्यांनी त्या मे महिन्यात आकाशाला हात जोडले असतील, त्यांच्याच घरात दिवाळीपर्यंत धान्य नव्हतं.

आता दुसरं टोक बघा. केरळात मान्सून सर्वांत उशिरा आला तो १९७२ साली, १८ जूनला. १९७२! या सभागृहात साताऱ्याची, नगरची, खानदेशची माणसं आहेत. त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वर्षाबद्दल विचारा. सुकडी, मिलो, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी कुटुंबंच्या कुटुंबं. म्हणजे सर्वांत लवकर आलेल्या पावसाचं वर्ष दुष्काळाचं, आणि सर्वांत उशिरा आलेल्याचंही दुष्काळाचंच. तेव्हा पाऊस कधी आला, यावरून तो किती पडणार हे ठरत नाही. आणि एका वर्षी तो लवकर आला, यावरून हवामान बदललं हेही सिद्ध होत नाही. एवढं त्या दुसऱ्या उत्तराचं म्हणणं मी मान्य करतो. टाळ्या वाजवू नका, पुढचं ऐकायचं आहे.

२०२५ च्या मे महिन्यात नेमकं झालं काय? विषुववृत्ताजवळून ढगांचा आणि वाऱ्याचा एक मोठा पट्टा पूर्वेकडे सरकत पृथ्वीला फेरी घालत असतो. शास्त्रज्ञ त्याला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात. तो तेव्हा अनुकूल जागी होता. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. त्याने मान्सूनला वर ओढून घेतलं. ही सगळी कारणं त्या वर्षापुरती, त्या आठवड्यापुरती आहेत. पुढच्या मे महिन्यात ती जुळतील, नाही जुळतील. एवढ्यापुरता हा निसर्गाचा नेहमीचा लहरीपणा.

मग तापमानवाढीचा हात कुठे आहे? तो तारखेत शोधू नका, पाण्यात शोधा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हा भौतिकशास्त्राचा दीडशे वर्षांहून जुना नियम आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. आणि हे बाष्प येतं कुठून? आपल्या पश्चिमेला जो अरबी समुद्र आहे, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की जो समोर दिसतो, तिथून. एके काळी हा समुद्र वादळांच्या बाबतीत सज्जन मानला जायचा. वादळं बंगालच्या उपसागराची, आपल्याकडे क्वचित एखादं. पण तो तापला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातली वादळं मोजली. या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अति तीव्र वादळांची १५० टक्क्यांनी.

आपल्याला त्यासाठी अहवाल वाचायची तरी काय गरज? ३ जून २०२०, निसर्ग. १७ मे २०२१, तौक्ते. तौक्ते जमिनीवर आलं गुजरातेत, आपल्याजवळून ते समुद्रातून नुसतं पुढे गेलं, तरी सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात! वसई-विरारमध्ये झाडं पडली, खांब पडले, आणि वीज किती दिवसांनी आली ते तुम्ही मला सांगा. २०१८ पासून २०२१ पर्यंत सलग चार वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळ उठलं. एखादा मे योगायोग असेल. पण गेल्या काही वर्षांतले मे आणि जून एका ओळीत मांडून बघा.

पुण्याच्या त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. गंमत अशी, की याच काळात त्या पट्ट्यातला एकूण पाऊस वाढला नव्हता, उलट घटला होता. म्हणजे तोच पाऊस, किंवा थोडा कमीच, पण मोजक्या दिवसांत, मुसळधार. मधले दिवस कोरडे. त्यामागे त्यांनी बोट ठेवलं ते तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांवर.

आता शास्त्रज्ञ एक पाऊल पुढे जातात. एखादी घटना घेतात, आणि तापमानवाढ झालीच नसती तर ती कशी झाली असती, याचं गणित मांडतात. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. त्यानंतर असं गणित केलं गेलं आणि उत्तर आलं की त्या दिवशीचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्के जास्त तीव्र झाला. दहा टक्के! ऐकायला फार वाटत नाही. पण आपल्याकडची गटारं जेवढ्या पावसाला पुरतात, त्याच्या काठावर जेव्हा पाऊस असतो, तेव्हा वरच्या दहा टक्क्यांनीच पाणी उंबऱ्याच्या आत येतं.

तर माझा हिशेब असा. तो आठवडा, ती तारीख, ते कमी दाबाचं क्षेत्र, हे निसर्गाचं. त्यातलं वाढीव बाष्प आणि वाढता दणका, हे माणसाचं. आणि तिसरा एक वाटा आहे, तो अगदी जवळच्या माणसांचा. त्याकडे मी येतोच. आधी दुसरं काही सांगायचं आहे, आणि खरं तर मी त्यासाठीच आलो आहे.

मे कोरडा असतो, या एका भरवशावर वसई-विरारचा हा सगळा मुलूख उभा आहे. कधी विचार केलाय? राजावळी, जूचंद्रची मिठागरं बघा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून पुढच्या खणात सोडत सोडत उन्हाने घट्ट करत न्यायचं, तेव्हा शेवटच्या खणात मीठ धरतं. यात माणसाचे कष्ट आहेत, पण मुख्य कामगार सूर्य. मे महिन्यात एक जोराची सर आली की नुसतं तयार मीठ विरघळत नाही, आठवड्यांची मेहनत करून घट्ट केलेलं पाणीही पातळ होतं. पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला हंगाम उरलेला नसतो.

अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर इथे बोंबील वाळतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांची सोय म्हणजे मे महिन्यात वाळवलेली सुकी मासळी. घरात खायलाही तीच, विकायलाही तीच. बोंबील अर्धवट वाळला असताना भिजला तर तो कुजतो, मग फेकून देण्याशिवाय गत्यंतर नाही. शेताचा पंचनामा होतो. दोरीवर वाळत घातलेल्या मासळीचं काय? वाळवणाऱ्या बायका हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आल्या आहेत. नुकसान त्यांचं, आणि कागदावर त्या कुठेच नाहीत.

वसईची सुकेळी तुमच्यापैकी कितीजणांनी खाल्ली आहेत? तरुण मंडळींचे हात फारसे वर दिसत नाहीत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधायची. आधीच करणारी घरं थोडी राहिली, त्यात ऊनही बेभरवशाचं झालं, तर ती चव पुस्तकात वाचावी लागेल.

इकडे पूर्वेला शिरसाड, भाताणे, खानिवडे भागात वीटभट्ट्या आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर लेकराबाळांसकट भट्टीवर येतात, मालकाकडून उचल घेऊन. मजुरी हजार विटांमागे. थापलेली कच्ची वीट पावसात भिजली की तिची पुन्हा माती होते. मग ती मजुरी कुणाची बुडाली आणि उचल कशी फिटायची? हवामानबदलाच्या परिषदा दूरदूरच्या शहरांत भरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यातल्या कुणी तरी एकदा मे महिन्यात पावसाने भिजलेल्या वीटभट्टीवर रात्र काढावी असं मला मनापासून वाटतं.

आणि शेतकरी? पालघर जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. पालापाचोळा, गोवर, गवत जमिनीवर पसरून उन्हाळ्यात पेटवायचं, आणि मग कोरड्या मातीत धूळपेरणी. जमीनच ओली असेल तर राब पेटणार कसा? २०२५ मध्ये आणखी एक चकवा बसला. मान्सून धावत आला खरा, पण २९ मेच्या सुमारास अडखळला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका, पेरू नका. पण दारात पाणी वाहत असताना पेरू नको हे शेतकऱ्याला पटवणं सोपं आहे का? त्याच वर्षाच्या शेवटी, ऑक्टोबरच्या अखेरीस, कापलेल्या भातावर पुन्हा पाऊस पडला. येताना फसवलं आणि जातानाही.

आपल्या चाळींच्या गच्चीवरची गोष्टही यातलीच आहे. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या. हे सगळं आगोटीच्या आधी झालं पाहिजे म्हणून आपल्या आयाबहिणी एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा पिच्छा पुरवतात. हल्ली विकत मिळतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ते विकत देणाऱ्या बचत गटाच्या बायकासुद्धा कुठल्या तरी गच्चीवरच वाळवतात.

कोकणात आणि देशावर मे महिन्यात वळीव पूर्वीही यायचा. एक सर, मातीचा वास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. त्याने फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. आता जो येतो आहे तो वळीव नाही, तो आठ-आठ दिवस मुक्काम करतो. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ नैसर्गिक आपत्तींच्या यादीत घातला. त्याआधी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी. रोज ४० मिलिमीटर पडून पीक सडलं तर नियमात बसत नव्हतं. म्हणजे आभाळ बदललं हे सरकारी यादीनेही मान्य केलं आहे. आपलं वेळापत्रक मात्र अजून जुनंच आहे.

आता तिसऱ्या वाट्याकडे येतो. विरार पूर्वेच्या आपल्या मनवेलपाड्यात पाणी का भरतं? पूर्वेला जीवदानीचा डोंगर. डोंगरावरचं पाणी उताराने पश्चिमेकडे धावणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पश्चिमेला रेल्वेचे रूळ आडवे. रुळांखालच्या मोऱ्यांतून जेवढं जाईल तेवढं जाणार, बाकी इकडेच थांबणार. पलीकडे गेलं तरी खाडीत भरती असेल तर खाडीच ते परत ढकलणार. मध्ये एके काळी शेतं होती, खाजणं होती, मिठागरं होती, तळी होती. ती पाणी धरून ठेवायची आणि ओहोटीला सावकाश सोडायची. त्यांच्यावर आपण भराव घातला, इमारती बांधल्या, आणि त्या इमारतींत राहायला आलो. मी बिल्डरला शिव्या देऊन टाळ्या मिळवू शकतो, पण ते घर आपणच घेतलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. पर्याय नव्हता, हेही तितकंच खरं.

जुलै २०१८ विसरला नसाल. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, वडोदरा एक्स्प्रेसचे प्रवासी एनडीआरएफच्या बोटींतून बाहेर काढले, वसईच्या मिठागर वस्तीत माणसं अडकली, वीज नाही, दूध नाही. त्यानंतर नीरी आणि आयआयटी यांची सत्यशोधन समिती नेमली गेली. पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव करा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे जे बुजवलं, तेच पुन्हा खणा! एवढं सांगायला आयआयटी लागावी, याचं मला आश्चर्य वाटतं आणि वाईटही.

एक हिशेब करा. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर किती पाणी? दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. मे महिन्यात याच विरार पूर्वेला आपण एकेका टँकरसाठी सोसायटीच्या वर्गणीवरून भांडतो, आणि दहा हजार टँकर पाणी गल्लीतून वाहून खाडीला जातं, जाताना तळमजल्यावरचा फ्रिज आणि शिवणयंत्र बिघडवून जातं. याचं खापर तापमानवाढीच्या डोक्यावर फोडणं मला मान्य नाही. तुंबलेल्या नाल्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला नसतो, आपण टाकलेल्या पिशव्या अडकलेल्या असतात. ‘काय करणार, क्लायमेट चेंज आहे,’ हे वाक्य पुढाऱ्याने, अधिकाऱ्याने किंवा आपण म्हटलं, की समजावं, काम टळलं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. नालेसफाईची मुदत मेअखेर असते. ती एप्रिलअखेर झाली पाहिजे, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे, नाल्याच्या काठावर ढीग लावून पहिल्या सरीची वाट बघायची नाही. रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेने आणि महापालिकेने एकत्र उभं राहून तपासाव्यात, एकमेकांकडे बोट दाखवत नव्हे. सुकी मासळी, मीठ आणि कच्ची वीट यांच्या नुकसानीचा पंचनामा कसा करायचा, याचा नियम लिहून काढावा. आणि मनवेलपाड्याचं तळं आहे तेवढं तरी आहे तेवढंच राहावं.

आणखी एक काम आहे, त्याला सरकार लागत नाही. १९१८ च्या मे महिन्यात २७९.४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आज मी तुम्हाला छातीठोकपणे का सांगू शकलो? १८२६ मध्ये सुरू झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत कुणी तरी रोज सकाळी उठून तो मोजला आणि वहीत लिहिला म्हणून. मनवेलपाड्यात २०२५ च्या मे महिन्यात किती पडला? २०१८ च्या त्या जुलैत इथे किती पडला? महसूल मंडळाचा आकडा असतो, पण डोंगराच्या पायथ्याशी पडणारा पाऊस आणि दोन-चार किलोमीटरवरचा पाऊस एकसारखा नसतो, हे तुम्ही दर पावसाळ्यात बघता. उद्या कुणी म्हणालं, इथे काही फार पाऊस झाला नव्हता, तर आपल्या हातात काय आहे? मोबाइलमधले व्हिडिओ.

साधा पर्जन्यमापक फार महाग नसतो. तळ्याकाठी, भिंतींपासून आणि झाडांपासून दूर, मोकळ्या जागी तो बसवा. हे काम शाळेवर टाकू नका, कारण ज्या महिन्याची आपल्याला काळजी आहे त्या महिन्यात शाळांना सुट्टी असते. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी आणि आसपासच्या सोसायट्यांनी पाळी लावून घ्यावी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा रोज त्याच वेळी मोजायचं, शून्य असलं तरी शून्य लिहायचं, आणि आकडा फलकावर लावायचा. सुरुवात येत्या १ मार्चला करा, कारण हवामान खात्याचा उन्हाळा त्या दिवशी सुरू होतो.